साडेतीन बोटांचा बेंजो

माझ्या डाव्या हाताला साडेतीन बोटं आहेत. अंगठा, अनामिका आणि करंगळी शाबूत, तर्जनी अर्धी, आणि मधलं बोट मुळापासून नाही. साडेतीनचा आकडा आपल्याकडे चांगला मानतात, मुहूर्तसुद्धा साडेतीनच असतात. मुहूर्त आम्ही मानत नाही, पण लग्नाच्या पंगतीत कोणी माझ्या हाताकडे टक लावून पाहायला लागलं की मी हा विनोद करतो. समोरचा हसतो आणि मग मला सुखानं जेवू देतो.

या अंकासाठी 'तुमच्या पेशाबद्दल लिहा' असा निरोप आला तेव्हा मी पंचफुलाला, म्हणजे माझ्या बायकोला, विचारलं, "माहा पेशा काय व?" ती शिलाई मशीनवर बसली होती. मान वर न करता म्हणाली, "दुसऱ्याच्या आवाजामांगं धावनं."

इतकी नेमकी व्याख्या मला चाळीस वर्षांत सुचली नव्हती. मी गायन पार्टीत बेंजो वाजवतो. गाव वाशीम जिल्ह्यातल्या शिरपूरजवळचं. थोडी कोरडवाहू शेती आहे, ती कधी पिकते, कधी रुसते, पण लोक मला ओळखतात ते नामा बेंजोवाला म्हणून.

ज्यांनी बेंजो पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. हातभर लांब, अरुंद लाकडी पेटी. तिच्यावर तारा ताणलेल्या आणि तारांच्या वर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हातानं बटण दाबायचं, उजव्या हातानं तार छेडायची. छेडायला बाजारात काही काही मिळतं, पण फुटक्या बादलीच्या प्लॅस्टिकचा तुकडा कापून घासला तर त्याच्यासारखा आवाज कशाचाच येत नाही. आमच्या घरी बादली फुटली की पंचफुला हळहळते आणि मी कैची शोधतो.

सतार-सरोदवाले याला वाद्य म्हणत नाहीत. म्हणू नयेत. पण जयंतीला, विहाराच्या उद्घाटनाला, लग्नाला, बारशाला आमच्या वस्त्यांमध्ये बुद्ध-भीमाची गाणी होतात, तिथे बेंजोशिवाय गाणं पोरकं वाटतं. गायकानं ओळ संपवली की पुढची ओळ येईपर्यंत मधली जागा बेंजोवाल्यानं भरायची. याला आम्ही नुसतं 'म्युझिक' म्हणतो. आता कुठेकुठे कीबोर्डवाले आले आहेत, बटण दाबलं की ढोलकसुद्धा त्यातूनच वाजते. त्यांचं बरं चाललं आहे. त्यांना पेटी डोक्यावर घेऊन शेतातून जावं लागत नाही.

आमच्या पार्टीचे गायक तुळशीरामदादा. माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठे, उंच, आणि आवाज असा की लाउडस्पीकर बंद पडला तरी शेवटच्या रांगेतली म्हातारी तक्रार करायची नाही. ढोलकीवर किसन. मागे कोरसला गावातली दोघं-तिघं, जी त्या दिवशी मोकळी असतील ती. हार्मोनियम आमच्याकडे होती, ती एका लग्नात पावसात भिजली. नंतर घेऊ घेऊ म्हणता राहून गेलं, आणि दादा बेंजोवरूनच सूर घ्यायला लागले. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

एकदा पोहरादेवीच्या यात्रेच्या गर्दीत आम्ही मानोऱ्याकडे जाणाऱ्या एसटीत चढलो. माझ्या मांडीवर गोधडीत गुंडाळलेला बेंजो. कंडक्टर नवा होता. म्हणाला, "याच्यात काय आहे?"

"बेंजो."

"जनावर असन तं तिकीट लागन."

मी काही बोलायच्या आत दादा म्हणाले, "जनावरच आहे बाप्पा. पन छेडल्याबिगर वरडत नाई." कंडक्टरनं गोधडीकडे जरा लांबूनच पाहिलं आणि पुढे सरकला.

आणि कारंज्याचे ते आजोबा. एका मास्तरांच्या नव्या घराचा कार्यक्रम होता. त्यांच्या वडिलांचं आयुष्य जिनिंगमध्ये, सरकी-कापसाच्या यंत्रांच्या घरघरीत गेलेलं, त्यामुळे दोन्ही कान गेलेले. कार्यक्रम सुरू झाल्यावर आजोबा काठी टेकत आले, माझ्या शेजारी बसले आणि त्यांनी बेंजोच्या लाकडावर तळहात ठेवला. मास्तर ओशाळले, त्यांना उठवायला आले. दादांनी हातानंच खुणावलं, बसू द्या. पूर्ण कार्यक्रम ते आजोबा तसेच बसले होते. जाताना म्हणाले, "तिसरं गानं चांगलं होतं." मला तेव्हा त्याची गंमत वाटली. पुढे ते आजोबा मला फार उपयोगी पडले.

आता आमच्या धंद्यातलं एक गुपित सांगतो. ते ज्यांच्यापासून लपवलं त्यांना आता ते माहीत आहे, म्हणून सांगायला हरकत नाही.

गायकाचा आवाज ज्या उंचीवर मोकळा लागतो ती त्याची पट्टी. हार्मोनियमच्या पट्ट्यांवरून तिला नावं पडली आहेत, काळी एक, पांढरी दोन, अशी. दादा उमेदीच्या काळात पांढरी चारमध्ये गायचे. पुरुषमाणसाला ती फार उंच होते. पण वय कोणाला सोडतं? पंचावन्नच्या पुढे त्यांची वरच्या सुरांशी झटापट व्हायला लागली. ओळ वर गेली की मानेच्या शिरा फुगायच्या, आवाज चिरकायचा, आणि ते खोकल्याचं निमित्त करायचे. आता गायकाला 'दादा, तुमचा आवाज उतरला' असं कोणी सांगायचं? त्यापेक्षा त्याला तू म्हातारा झालास, घरी बस म्हटलेलं बरं.

मी सांगितलं नाही. कार्यक्रमाआधी बेंजो घेऊन विहाराच्या मागे जायचो, चावी घ्यायचो आणि तारा जराशा सैल करायचो. अगदी थोड्या. पांढरी चारवरून पांढरी तीन, एखाद्या वर्षानं काळी दोन, मग पांढरी दोन. किसन ढोलक माझ्या सुरावर लावायचा, त्याला अर्थातच कळायचं. तो फक्त एकदा माझ्याकडे पाहून हसला आणि ढोलकीच्या कड्या खाली ओढल्या. दादा बेंजोवरून सूर घेत आणि गात. आवाज मोकळा लागे. लोक म्हणत, तुळशीरामदादाचा आवाज अजून तसाच आहे. दादा माझ्याकडे वळून म्हणत, "पाह्य नामा, आवाज काई हलला नाई."

"कायले हलन, दादा," मी म्हणायचो.

असे आम्ही काळी एकपर्यंत खाली आलो होतो, आणि मग माझा हात गेला.

त्याबद्दल फार लिहीत नाही. सोयाबीन काढणीचे दिवस होते. मळणीयंत्र, ज्याला आमच्याकडे हडंबा म्हणतात, त्याचा पट्टा सरकत होता. तो चालू यंत्रावर सारखा करायची घाई मला झाली. दोष यंत्राचा नाही, मालकाचा नाही. वाशीमला दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "काम कोणत्या हाताने करता?" पंचफुला रडत होती, तरी तीच बोलली, "यायचं काम दोन्ही हाताचं आहे, साहेब."

दादा भेटायला आले. पलंगाशेजारच्या स्टुलावर बसून राहिले. उठताना एवढंच म्हणाले, "बेंजो म्या माह्या घरी नेऊन ठेवला." का नेला ते मला समजलं. घरी आल्यावर तो खुंटीला टांगलेला दिसू नये म्हणून.

बोटं गेल्यावर काय होतं ते कोणी सांगत नाही. ती जातात, पण त्यांची सवय जात नाही. शेजारी कुठे गाणं लागलं की माझं नसलेलं मधलं बोट हलायचं. मला स्पष्ट जाणवायचं, आता इथलं बटण, आता पुढचं. खाली पाहिलं की चादर. मी रेडिओ बंद करायला लावायचो, टीव्हीसुद्धा. बेंजोवाल्याची सगळी पळापळ तर्जनी आणि मधल्या बोटाची असते, बाकीची दोन बोटं वरातीत मागून चालणाऱ्या पाहुण्यांसारखी नुसती सोबत असतात. माझे नेमके नवरा-नवरी गेले आणि पाहुणे राहिले. हसू नका, मी तेव्हा असंच म्हणायचो, आणि पंचफुला मला रागावायची.

उन्हाळ्याच्या तोंडावर एका दुपारी सुभद्रावहिनी आल्या, दादांच्या पत्नी. काखेत गोधडीत गुंडाळलेला बेंजो. आमच्या पार्टीचं अर्धं पोट या बाईनं सांभाळलेलं. कुठूनही परत या, कितीही उशीर होवो, त्यांच्या चुलीवर पिठलं आणि भाकर झाकलेली असायची. त्यांनी बेंजो माझ्या मांडीवर ठेवला.

"याच्यावरची धूय पुसून पुसून मी थकली," त्या म्हणाल्या. "तुहा तू सांभाळ."

"वहिनी, वाजवता येत नाई आता."

"वाजव कोन म्हनते? मांडीवर तं घे."

मग पदरानं घाम पुसत, जणू काही बाजारातून मीठ आणायला सांगतात तसं बोलल्या, "पाह्य नामा, मले दोन वर्सांपासून छातीचं दुखनं आहे, तुले माहीत आहे. माह्या मांगं कार्यक्रमाले थो किबोर्डवाला आनू देजो नको. बेंजो तूच वाजवजो. अन् माहं गानं झालं पायजे."

"वहिनी, काई बोलता तुमी."

"मले तं मेल्यावर आयकू येनार नाई," त्या म्हणाल्या, "पन लोकाइले येईन ना."

'माहं गानं' म्हणजे कोणतं ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. दादांनी लग्नाच्या पहिल्या वर्षी माता रमाईवर एक गाणं रचलं होतं. गोवऱ्या थापणारे, शेणानं भरलेले, कष्टानं फुटलेले हात त्या गाण्यात होते. गाणं रमाईचंच, पण रचताना दादांच्या समोर गोवऱ्या थापत कोण बसलं होतं हे उघड होतं. वहिनींनी ते पहिल्यांदा ऐकलं आणि, दादा सांगायचे, चार दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. लाजेनं.

त्या गाण्यात तिसऱ्या कडव्याला एक ओळ आहे, सगळ्यात वरची. तिथे दादांची एक रीत होती. ती ओळ आली की बेंजो थांबायचा. मी दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवायचो, किसन नुसता ठेका धरायचा, आणि दादा एकट्याच्या आवाजानं ती ओळ वर नेऊन तिथेच धरून ठेवायचे. लोक श्वास रोखायचे. ओळ खाली आली की मी पुन्हा सुरू. इतक्या वर्षांत ती ओळ मी एकदाही वाजवली नव्हती.

वहिनी आपल्या घरी परतल्यावरही मी बेंजो खाली ठेवला नाही.

डॉक्टरांनी हातात रबरी चेंडू दाबायला सांगितला होता. पंचफुलानं चेंडूऐवजी परात दिली. म्हणाली, दाबायचंच आहे तर पीठ दाबा. रोज ज्वारीचं पीठ मी डाव्या हातानं मळायला लागलो, मग भाकरी थापायलाही. पहिली भाकर आपल्या वाशीम जिल्ह्याच्या नकाशासारखी झाली. मानोऱ्याकडे जाड, रिसोडकडे फाटलेली. पंचफुलानं ती तशीच खाल्ली. कित्येक महिने ती माझ्या हातच्या तसल्या भाकरी खात राहिली आणि शेजारणींना सांगत राहिली की आमच्याकडे आता हेच रांधतात. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, मिरवणं होतं.

अर्ध्या तर्जनीचं टोक बटणावर टेकलं की डोळ्यांसमोर काजवे चमकायचे. पंचफुलानं रेक्झिनच्या तुकड्याचं टोपडं शिवलं, आत कापूस भरला. पहिलं सैल झालं, दुसरं घट्ट, तिसरं बसलं. आता दुखेना, पण दुसरीच अडचण आली. टोपड्यातून काही कळेचना. बटण दाबलं गेलं की नाही, बरोबर दाबलं की शेजारचं, काही समजायचं नाही. तेव्हा मला कारंज्याचे आजोबा आठवले. मी हाताची कड बेंजोच्या लाकडाला टेकवून वाजवायला लागलो. तार नीट दबली की लाकूड एका तऱ्हेनं थरथरतं, चुकली की दुसऱ्या. बोटाला जे कळत नव्हतं ते तळहाताला कळायला लागलं. करंगळीला तर बिचारीला आयुष्यात पहिल्यांदा काम मिळालं होतं. ती थरथरायची, पण मागे हटली नाही.

वाजायला लागलं, पण सावकाश. जी जागा मी आधी झरझर भरायचो तिथे आता चार सूर बसले तरी नशीब. तरी दादांनी मला बोलावलं, आणि मी गेलो.

पुन्हा कार्यक्रम सुरू झाले तेव्हा मला एक गोष्ट खटकायला लागली. दादा आता गाता गाता बोलायला लागले होते. एक ओळ म्हणायची, मग थांबायचं, समोरच्या कोणा म्हाताऱ्याची चौकशी करायची, ओळीचा अर्थ सांगायचा, एखादा शेर म्हणायचा, आणि मग दुसरी ओळ. गाणं लांबायचं. मला वाटलं, वय झालं, बोलण्याचा हव्यास वाढला. आमच्या वाशीमकडच्या मालेगावातल्या एका कार्यक्रमाहून आल्यावर मी घरी चिडून म्हणालो, "दादा आता गात नाईत, भाषन देतात. म्युझिकले जागाच ठेवत नाईत."

पंचफुला सुईत दोरा ओवत होती. "तुमाले खरंच समजलं नाई?" ती म्हणाली. "म्युझिकच्या जागीच बोलून राह्यले ना ते. तुमच्या हाताले पोचाले वेळ भेटावा म्हनून."

मी जेवलो नाही त्या दिवशी. राग आला होता की रडू, हे आजही सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी दादांना मी काही बोललो नाही. तेही बोलले नाहीत. पण पुढच्या कार्यक्रमात त्यांनी बोलायला सुरुवात केली की मी खाली मान घालून करंगळी पुढच्या बटणावर नेऊन ठेवायचो.

वहिनी हिवाळ्यात गेल्या. सकाळी चूल पेटवून बसल्या आणि तिथेच कलंडल्या.

माणूस गेल्यावर आमच्यात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो. दिवसा, घरासमोर मांडव टाकून. फोटोला पांढरी फुलं, मेणबत्ती, भन्तेजींचं वंदन, मग गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द, गाणी, आणि जेवण. वहिनींचा मुलगा पुण्याहून आला होता. त्यानं मला बाजूला घेऊन आदबीनं विचारलं, "काका, जमेल ना तुम्हाला? नाहीतर माझ्या ओळखीचा एक कीबोर्डवाला आहे." मी सांगितलं, तुझ्या आईनं त्याला आधीच नाही म्हणून ठेवलं आहे.

तरी खरं सांगायचं तर मला स्वतःलाच खात्री नव्हती. गाणं वहिनींचं होतं, गाणारे दादा होते, वहिनी गेल्यापासूनच्या दहा दिवसांत त्यांचा आवाज आणखी बसला होता. काळी एकमध्येही तो धड लागत नव्हता. मी ठरवलं होतं, आज तारा आणखी उतरवायच्या. नेहमीसारखा बेंजो घेऊन घरामागे, वहिनींनी रचून ठेवलेल्या गोवऱ्यांच्या उडव्याशेजारी जाऊन बसलो. चावी काढली, आणि समोर सावली पडली. दादा होते.

"नामा," ते म्हणाले, "आज पांढरी चारमध्ये लाव."

मी चावी हातात धरून बसलो.

"लय वर्सं झाले तू उतरवून राह्यला. आज नको उतरवू. तिनं पयल्यांदा आयकलं त्याच पट्टीत म्हनतो."

"तुमाले माहीत होतं, दादा?"

"माहाच आवाज आहे ना बावा तो. मले नाई समजन तं कोनाले समजन?"

"मंग बोलले काहून नाई?"

दादा उडव्याला हात टेकून उभे होते. एक गोवरी जराशी सरकली होती, ती त्यांनी नीट बसवली. "तू एवढ्या मायेनं करून राह्यला होता," ते म्हणाले. "तुले कायले लाजवू? सुभद्रेले सांगतलं होतं म्या. ते म्हने, त्याले करू द्या, त्याले बरं वाटते."

मग ते मांडवात गेले आणि मी तारा चढवायला बसलो. वर्षानुवर्षं सैल पडलेल्या तारा, त्यांना इतकं ताणणं म्हणजे म्हाताऱ्याला झाडावर चढवणं. एक तुटली, माझ्या मनगटावर सपकन बसली. ती तशीच काढून टाकली आणि बाकीच्यांवर भागवलं. किसननं येऊन सूर घेतला, पट्टी ऐकून माझ्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता ढोलक कसायला लागला.

दादांनी गाणं सुरू केलं तेव्हा मांडवातली कुजबुज थांबली. पांढरी चारमध्ये त्यांचा आवाज म्हणजे नुसती ओढाताण होती. चिरकत होता, फाटत होता. पण त्यांनी पट्टी सोडली नाही. मधल्या जागांमध्ये ते आज बोलले नाहीत. नुसते थांबले. मी माझ्या चालीनं जात होतो, करंगळी, अनामिका, टोपडं. ताणलेल्या तारा बटणं वर ढकलत होत्या आणि दर वेळी कापसातून कळ येत होती. मी चुकलो नाही असं म्हणणार नाही. दोनदा चुकलो.

तिसरं कडवं आलं. वरची ओळ आली. मी सवयीनं दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले. किसननं नुसता ठेका धरला. दादांनी छाती भरून घेतली, तोंड उघडलं, आणि आवाज आलाच नाही. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. ओठ हलत होते, गळ्यातून नुसती हवा येत होती. ठेका चालूच होता. मांडवातल्या बायांनी पदर तोंडाला लावले. दादा माझ्याकडे वळले. त्यांनी हात केला नाही, खूण केली नाही, नुसतं पाहिलं.

मी हात बेंजोवर ठेवले.

त्या क्षणी मला जे जाणवलं ते मी आजवर फक्त पंचफुलाला सांगितलं आहे. इतर कोणतंही गाणं वाजवताना माझी गेलेली बोटं आधी धावतात आणि उरलेली मागे पडतात. पण ही ओळ त्या बोटांनी कधी वाजवलीच नव्हती. त्या वेळी ती मांडीवर असायची. ही ओळ गेलेल्या बोटांना ठाऊक नव्हती आणि उरलेल्यांनाही नव्हती, त्यामुळे तिथे कोणी कोणाच्या मागे नव्हतं. तेवढ्या ओळीपुरता माझा हात धड होता.

सावकाश वर गेलो. करंगळी, अनामिका, आणि शेवटच्या बटणावर ती अर्धी तर्जनी टेकवली. तिथे सूर धरायचा होता. बेंजोवर सूर धरायचा म्हणजे डाव्या हाताचं बोट हलवायचं नाही आणि उजव्या हातानं तार छेडत राहायचं. उजवा माझा चांगलाच आहे. डाव्याला फक्त सोसायचं होतं. दादा जितका वेळ ती ओळ धरायचे तितका वेळ मी धरली. ते डोळे मिटून ओठ हलवत होते. मग मी ओळ खाली आणली, आणि खालच्या सुरावर त्यांचा फाटका आवाज येऊन मिळाला. गाणं पूर्ण झालं.

पुण्यानुमोदनात टाळ्या वाजवत नाहीत. कोणी वाजवल्या नाहीत. मेणबत्ती जळत होती, आणि वहिनींच्या मुलानं उठून ती उगाचच थोडी बाजूला सरकवली.

जेवणं झाल्यावर दादा माझ्याजवळ येऊन बसले. माझा डावा हात घेतला, रेक्झिनचं टोपडं काढलं. टोक लालबुंद झालं होतं. त्यांनी ते आपल्या तळहातात धरून ठेवलं, लहान मुलाचं बोट धरतात तसं.

"थे ओळ तू कधी शिकला?" त्यांनी विचारलं.

"आजच, दादा."

त्यांनी मान हलवली आणि टोपडं माझ्या खिशात ठेवलं.

आमची पार्टी अजून आहे. बोलावणी कमी येतात, पण येतात. आता कार्यक्रमाआधी मी बेंजो घेऊन विहारामागे जात नाही. दादांच्या समोरच बसतो आणि चावी लावतो. "अजून थोडं," ते म्हणतात. मी उतरवतो. "अजून." मी उतरवतो. ते गुणगुणून पाहतात, पट्टी पटली की माझ्या हाताकडे पाहतात आणि विचारतात, "तुले जमन ना एवढ्यात?"

"जमन, दादा," मी म्हणतो. "तुमी सावकाश म्हना."